पैसे पोराचेच, मंग काढता काऊन येत नाही? परदेशात बँक खातं उघडताना

(या भागाचं लेखी रूप. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे, फक्त वाचायला सोपं जावं म्हणून मधे मथळे टाकले आहेत.)

आजचा भाग चांदूर रेल्वेच्या एका काकांच्या प्रश्नावर आहे. त्यांचा मुलगा शिकायला जर्मनीला चाललाय. काकांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत सांगतो: "पोराचे बारा लाख जर्मनीच्या खात्यात टाकले. खातं त्याच्याच नावावर हाय. मंग तिथं गेल्यावर त्याले एक रुपया काढता काऊन येत नाही?"

काका, प्रश्न एकदम बरोबर आहे. आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. अमरावती, बडनेरा, अकोला इथल्या कॉलेजांतून शिकलेली मुलं आता पुण्या-मुंबईसोबत बाहेरच्या देशांचाही विचार करतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून तर जर्मनीचं नाव तालुक्याच्या गावातही ऐकू येतं. प्रवेश, व्हिसा, विमानाचं तिकीट या सगळ्याची चर्चा घरात होते. बँक खात्याची होत नाही. "तिथं गेल्यावर उघडू, त्यात काय" असं म्हणून तो विषय सोडला जातो. आणि पहिला महिना तिथंच अडतो.

आपल्याकडे सोपं का वाटतं?

चांदूरला खातं उघडायला गेलं तर काय लागतं? आधार, पॅन, फोटो. अंगठा लावला की झालं. आधारमध्ये दोन गोष्टी एकत्र चिकटवलेल्या आहेत, तुम्ही कोण आणि तुम्ही कुठं राहता. म्हणून बँकेला वेगळं काही विचारावं लागत नाही. शिवाय बँकेत कोणीतरी ओळखीचं असतं. पोस्टमनला घर माहीत असतं, दारावर पाटी नसली तरी पत्र बरोबर येतं.

परदेशात गेलं की ही जोडी सुटते. तुमच्याकडे पासपोर्ट असतो. पासपोर्ट सांगतो की हा माणूस कोण. हा माणूस आमच्या शहरात कुठं राहतो, हे तो सांगत नाही. त्यावरचा पत्ता चांदूरचाच असतो. तिथली बँक तीन गोष्टी विचारते: तू कोण, इथं कुठं राहतोस आणि इथं कशासाठी आलास. पहिल्याचं उत्तर पासपोर्ट. तिसऱ्याचं उत्तर व्हिसा आणि कॉलेजचं पत्र. अडतं ते दुसऱ्यापाशी. आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: परदेशात खातं पैशामुळे अडत नाही, पत्त्यामुळे अडतं.

आणि हे फक्त गोऱ्यांच्या देशात आहे असं समजू नका. आपल्याकडे शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही रिझर्व्ह बँकेचा नियम हेच सांगतो. पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशाच्या पत्रावर खातं मिळतं, पण इथल्या पत्त्याचा पुरावा ३० दिवसांत द्यायचा, आणि तोवर त्या खात्यावर रकमेची मर्यादा. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाला जग सगळीकडे हाच प्रश्न विचारतं.

काकांचे बारा लाख कुठं आहेत?

आता जर्मनीचं बघू. जर्मनीला शिकायला जाणाऱ्याला दाखवावं लागतं की वर्षभर राहण्या-जेवण्याचा खर्च त्याच्याकडे आहे. त्यासाठीचा सगळ्यात चालणारा मार्ग म्हणजे ब्लॉक खातं. जर्मनमध्ये त्याला 'श्पेरकोंटो' म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यासाठी ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाखांच्या जवळ जातं. ही रक्कम बदलत असते, म्हणून अर्ज करण्याआधी जर्मन वकिलातीच्या संकेतस्थळावर आजचा आकडा बघून घ्या.

हे खातं घरी बसून, ऑनलाइन उघडता येतं. पैसे इथूनच पाठवायचे. ते पोचले की खातं देणारी कंपनी दाखला देते, तो व्हिसाच्या अर्जाला लावायचा. इथवर सगळं ठीक.

पण 'ब्लॉक' या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या. या खात्याला एटीएम कार्ड नसतं. त्यातून दुकानात पैसे देता येत नाहीत. त्यातून फक्त दर महिन्याला ठरलेला हप्ता बाहेर पडतो, आणि तो पडतो मुलाच्या दुसऱ्या, रोजच्या वापराच्या खात्यात. त्या रोजच्या खात्याला तिकडे 'गिरोकोंटो' म्हणतात. ते नसेल तर हप्ता जाणार कुठं?

तर काका, उत्तर हे आहे. पैसे मुलाचेच आहेत, सुरक्षितही आहेत. धान्य कोठीत आहे, पण कोठीचं तोंड दुसऱ्या भांड्यात उघडतं आणि ते भांडं अजून घरात आलेलं नाही.

भांडं आणायचं कसं? इथंच फेरा आहे

जर्मनीत कुठंही राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत त्या शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. या नोंदणीला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, की हा माणूस माझ्याकडे राहायला आला. नुसता भाडेकरार पुरत नाही, हा वेगळा कागद लागतो. नोंदणी झाली की दाखला मिळतो. मग काही आठवड्यांत पोस्टानं ११ अंकी कर क्रमांक येतो. बँक साधारणपणे पासपोर्ट, व्हिसा आणि हा नोंदणीचा दाखला मागते. कर क्रमांक पुष्कळ बँका नंतर दिला तरी चालवून घेतात.

फेरा असा की घरमालक म्हणतो, अनामत भर. तिकडे अनामत कायद्यानं तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. ती भरायला खातं हवं. खात्याला पत्ता हवा. पत्त्याला घरमालकाचा कागद हवा. आणि घरमालक अनामतीशिवाय किल्ली देत नाही.

हा फेरा तीन ठिकाणी तोडता येतो.

एक, राहण्याची जागा. विद्यार्थी वसतिगृह मिळालं तर सगळ्यात बरं, कारण तिथं घरमालकाचा कागद देण्याची पद्धत बसलेली असते. प्रवेश मिळाल्याच्या दिवशीच अर्ज टाका, कारण रांग मोठी असते. खासगी खोली घेत असाल तर आधी एकच प्रश्न विचारा, "इथं पत्ता नोंदवता येईल ना?" पुष्कळ तात्पुरत्या खोल्यांत "राहा, पण नोंदणी नाही" असं सांगतात. ती खोली स्वस्त पडली तरी खात्यासाठी महाग पडते. अनामतीबद्दल हेही सांगून ठेवतो की जर्मन कायद्यानं भाडेकरूला ती तीन मासिक हप्त्यांत भरता येते. आणि खोली न बघता, फोटोवर विश्वास ठेवून आधी पैसे पाठवायचे नाहीत. घरभाड्याच्या नावानं फसवणूक करणाऱ्यांचं मुख्य गिऱ्हाईक हे नवीन आलेले विद्यार्थीच असतात.

दोन, खात्याचा प्रकार. काही कंपन्या ब्लॉक खात्यासोबतच रोजच्या वापराचं खातंही देतात. कंपनी निवडताना फक्त फी बघू नका, हे विचारा. शिवाय युरोपात एक नियम आहे: युरोत व्यवहार करणाऱ्या कंपनीला, तुमचं खातं दुसऱ्या युरोपीय देशातलं आहे म्हणून ते नाकारता येत नाही. म्हणजे खाते क्रमांक जर्मनीचाच पाहिजे असं नाही. तात्पुरतं दुसऱ्या देशाचं ऑनलाइन खातं मिळालं तरी काम भागू शकतं. ब्लॉक खात्याच्या कंपनीला तेवढं आधी विचारून घ्या.

तीन, हक्क. हे फार कमी मुलांना माहीत असतं. युरोपियन युनियनचा २०१४ चा निर्देश आहे आणि त्यावर आधारलेला जर्मन कायदा जून २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार युरोपियन युनियनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येक माणसाला 'बेसिक खातं' मिळण्याचा हक्क आहे. पक्कं घर नसलेल्यालासुद्धा. साधी बँक नाही म्हणाली तर हा अर्ज मागायचा. अर्ज पूर्ण असेल तर बँकेला कामाच्या दहा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नकार दिला तर कारण द्यावं लागतं, आणि 'बाफिन' या नियामक संस्थेकडे दाद मागता येते. आवाज चढवायची गरज नाही. फक्त शब्द माहीत पाहिजे: 'बाझिसकोंटो'.

पत्रपेटीवरचं नाव

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. जर्मनीत बँकेचं कार्ड पोस्टानं येतं, पिन वेगळ्या पाकिटातून येतो, कर क्रमांकही पोस्टानं येतो. आणि तिकडचा पोस्टमन घर क्रमांकासोबत पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. आपल्या पत्त्यात खोली क्रमांक असतो, तसा तिकडे बहुतेक ठिकाणी नसतो. पेटीवर नाव नसेल तर पाकीट परत जातं. म्हणून खोलीत सामान ठेवलं की पहिलं काम, कागदावर आडनाव लिहून पेटीला चिकटवायचं. चार जण राहत असतील तर चौघांची आडनावं. पाकीट परत गेलं की पुन्हा मागवण्यात दोन-तीन आठवडे जातात, आणि तेवढे दिवस मुलगा दुसऱ्याच्या पैशावर जेवतो.

आपल्या नावांचा गोंधळ

हा खास मराठी घरांचा प्रश्न आहे. आपलं नाव तीन तुकड्यांचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. पॅनवर कधी वडिलांचं नाव मधे असतं, कधी नसतं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं. लग्न झालेल्या मुलींचं तर माहेरचं एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर.

परदेशातल्या बँकेला 'मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव' हे माहीत नसतं. त्यांच्यासाठी दोन वेगळी नावं म्हणजे दोन वेगळी माणसं. उपाय एकच: पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे. कॉलेजचा अर्ज, ब्लॉक खातं, भाडेकरार, विमा, सगळीकडे तीच अक्षरं, तोच क्रम. एका ठिकाणी 'श्रीकांत'मध्ये डबल ई आणि दुसरीकडे आय, असं नको. सही मराठीत असली तरी चालते, पण पासपोर्टवर आहे तशीच पाहिजे. दुरुस्ती करायची असेल तर पासपोर्ट काढण्याआधी करा. नंतर नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाच्या फेऱ्या होतात.

काही बँका व्हिडिओ कॉलवर ओळख पटवतात. त्यात सगळ्या देशांचे पासपोर्ट चालतीलच असं नाही. तिथं अडलं तर पोस्ट ऑफिसात जाऊन ओळख पटवण्याची सोय आहे का ते विचारा. जर्मनीत ती सोय बऱ्याच बँकांची असते.

बाकीच्या देशांचं थोडक्यात

ब्रिटन. इथं विद्यापीठ बँकेसाठी पत्र देतं, त्यात तुमचा तिथला पत्ता असतो. ते पत्र विद्यार्थी कार्यालयातून मागून घ्यावं लागतं, आपोआप येत नाही. पूर्वी राहण्याच्या परवान्याचं प्लास्टिकचं कार्ड मिळायचं. आता त्याच्या जागी ई-व्हिसा आहे, म्हणजे ऑनलाइन नोंद. बँकेला दाखवण्यासाठी सरकारी संकेतस्थळावरून 'शेअर कोड' काढता येतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आपल्या विदर्भातून जी मुलं तिकडे जातात, त्यांनी तर हे पत्र पहिल्याच आठवड्यात मागावं. घरून पाठबळ कमी असतं आणि खातं लवकर लागतं.

कॅनडा. इथं ब्लॉक खात्यासारखी 'जीआयसी' नावाची ठेव असते. कॅनडाचा कायदा असा की योग्य ओळखपत्र असेल तर नोकरी नसली, खात्यात टाकायला पैसे नसले, तरी बँकेनं खातं द्यायला पाहिजे.

अमेरिका. "सोशल सिक्युरिटी नंबर नाही तर खातं नाही" असं पोरं एकमेकांना सांगतात. कायदा तसं म्हणत नाही. परदेशी नागरिकाची ओळख बँक पासपोर्ट क्रमांकावर नोंदवू शकते. पण प्रत्येक बँकेचं स्वतःचं धोरण असतं, म्हणून कॉलेजजवळच्या शाखेत आय-२० घेऊन प्रत्यक्ष जा. तिथल्या लोकांना असे विद्यार्थी रोज दिसतात.

दुबई-अबुधाबी. कामाला जाणाऱ्यांचं खातं बहुतेकदा मालकामार्फतच उघडतं, कारण तिथं पगार बँकेतून देण्याचा नियम २००९ पासून आहे. एमिरेट्स आयडी हाती आल्याशिवाय पूर्ण खातं मिळणं अवघड.

घरच्या बाजूची कामं

आता ही वडिलांसाठी. पहिलं, पैसे पाठवताना. भारतातून एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. बँकेत ए-२ नावाचा फॉर्म भरायचा, पॅन लागतो. त्यात 'कारण' असा रकाना असतो, तिथं शिक्षण असंच नोंदवलं गेलं पाहिजे. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस कापत नाहीत. त्यावर गेलं तर शिक्षणाला कमी दर आणि इतर बहुतेक कारणांना २० टक्के. बारा लाख म्हणजे आपण दहाच्या वर जातोय, म्हणून तो रकाना बघूनच सही करा. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर टीसीएस लागत नाही. आणि कापला गेलाच तर तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता करून मिळतो.

दुसरं, मुलाचं इथलं बचत खातं. शिकायला बाहेर गेलेला विद्यार्थी परकीय चलनाच्या कायद्यानं अनिवासी धरला जातो, रिझर्व्ह बँकेनं हे २००३ मध्येच स्पष्ट केलंय. म्हणून त्याचं साधं बचत खातं 'एनआरओ' करून घ्यावं लागतं. बँकेत कळवलं की होतं. त्यावरच्या व्याजातून कर जास्त कापतात, तेवढं माहीत असू द्या.

तिसरं, मोबाइलचं सिम. इथला नंबर बंद पडला की ओटीपी बंद, आणि ओटीपी बंद म्हणजे इथलं खातं बंद असल्यासारखंच. नंबर चालू ठेवा, रोमिंगवर मेसेज येतात का ते निघण्याआधी तपासा. डेबिट कार्डाचा परदेशातला वापर मुळातच बंद असतो, तो ॲपमधून चालू करावा लागतो.

चौथं, पहिल्या दोन महिन्यांचा खर्च. तो ब्लॉक खात्याच्या भरवशावर सोडू नका. फॉरेक्स कार्डावर भाडं, अनामत आणि जेवणाचे पैसे वेगळे टाका. नोटा थोड्याच ठेवा, कायद्यानंही प्रवाशाला नोटांच्या रूपात साधारणपणे ३,००० डॉलरइतकंच नेता येतं.

एक धोका, नीट ऐका

खातं उघडलं की कोणीतरी भेटतो. आपल्याच भागातला असतो, आपल्याच भाषेत बोलतो. म्हणतो, "माझे थोडे पैसे तुझ्या खात्यात येतील, तू पुढं पाठव, तुला कमिशन देतो." अजिबात नाही. हे पैसे फसवणुकीचे असतात आणि खात्यावर नाव तुमचं असतं. ब्रिटनमध्ये अशा माणसाची नोंद सहा वर्षांपर्यंत राहू शकते. त्या काळात दुसरं खातं मिळत नाही, मोबाइलचं कनेक्शनसुद्धा अवघड होतं. शिवाय गुन्हा वेगळा, व्हिसा वेगळा. घरी जमीन गहाण ठेवून गेलेल्या पोरानं दोन-चारशे युरोसाठी हे करू नये. आईवडिलांनी ही गोष्ट विमानतळावर नाही, आधी घरी बसून सांगावी.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

"तिकडची बँक पॅन क्रमांक मागते. द्यावा का?" हो. बहुतेक देश खात्यांची माहिती एकमेकांना कळवतात, भारतही त्यात आहे. बँक विचारते की तुम्ही कोणत्या देशात कर भरता. खरं तेच लिहा.

"मुलगा परत आला की ते खातं ठेवलं तर चालतं का?" बाहेर राहत असताना उघडलेलं खातं परत आल्यावर ठेवता येतं. पण तो इथला पूर्ण निवासी झाला की आयकर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावं लागतं, त्यात शंभर युरो असले तरी. न दाखवल्याबद्दल २०१५ च्या काळा पैसा कायद्यात दहा लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून, घर-जमीन सोडून बाकी परदेशी मालमत्ता मिळून वीस लाखांपर्यंत असेल तर त्या दंडातून सूट मिळाली आहे. दाखवायचं मात्र सुटलेलं नाही. वापर नसेल तर निघताना बंद करून या.

कामांचा क्रम

निघण्याआधी: सगळ्या कागदांवर एकच नाव, पत्ता नोंदवता येईल अशी खोली, ब्लॉक खात्यासोबत रोजचं खातं मिळतं का याची चौकशी, फॉरेक्स कार्ड, सिम. पोचल्यावर पहिल्या दिवशी: पेटीवर आडनाव, घरमालकाचा सहीचा कागद. पहिल्या दोन आठवड्यांत: पत्त्याची नोंदणी, लगेच बँक, मग ब्लॉक खात्याला नवा खाते क्रमांक कळवणं. नोंदणीच्या वेळा ऑनलाइन घ्याव्या लागतात आणि मोठ्या शहरात त्या लवकर भरतात. खोली पक्की झाली की इथूनच वेळ घेऊन ठेवा.

काका, तुमच्या पोराचा पहिला हप्ता वेळेवर निघावा ही शुभेच्छा. कोणाला पुढच्या भागात शैक्षणिक कर्ज आणि तारण यावर ऐकायचं असेल तर प्रश्न आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, वऱ्हाडीत पाठवला तर अजून छान. भेटू पुढच्या भागात.